एकांकिका सुचवावी कशी: गोव्यातील हौशी मंडळांसाठी समकालीन संहिता निवडताना

‘एखादी चांगली एकांकिका सुचवा’ ही विनंती गोव्यात नाटकाशी थोडाफार संबंध असलेल्या प्रत्येकाकडे वर्षातून अनेकदा येते. कधी ती देवस्थानच्या उत्सव समितीकडून येते, कधी महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाकडून, कधी महिला मंडळाकडून, तर कधी स्नेहसंमेलनाची जबाबदारी अंगावर पडलेल्या एखाद्या शिक्षकाकडून. विचारणाऱ्याला त्या क्षणी एक नाव हवे असते आणि सांगणाऱ्याच्याही ओठांवर आपल्या आवडीचे नाव चटकन येते. परंतु कादंबरी सुचवणे आणि एकांकिका सुचवणे यांत मोठा फरक आहे. सुचवलेली कादंबरी आवडली नाही, तर वाचणारा ती विसाव्या पानावर मिटून ठेवतो. सुचवलेली एकांकिका जमली नाही, तर आठ-दहा माणसांच्या महिना-दीड महिन्याच्या संध्याकाळी, मंडळाने गोळा केलेली वर्गणी आणि गावातली त्यांची पत एवढे सगळे पणाला लागते. म्हणून नाव सांगणे हे या कामातले शेवटचे पाऊल मानावे आणि त्याआधी जागेची, माणसांची व संहितेची नीट चौकशी करावी.

गोव्यातील उत्सवी रंगभूमी ही परंपरेने तीन अंकी नाटकांची रंगभूमी आहे. पालखी देवळात परतल्यावर पडदा वर जायचा आणि पहाटे कधीतरी पडायचा, ही रीत अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आता परिस्थिती बदलली आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; धार्मिक व सांस्कृतिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. म्हणजे सवलत मिळाली तरी बाराच्या आत सगळे आटोपावे लागते आणि पालखीला उशीर झाला की नाटकाचा तिसरा अंक धावतपळत उरकावा लागतो. चाळीस मिनिटांची एकांकिका हा त्यावरचा उत्तम तोडगा आहे, आणि एका रात्रीत दोन वाड्यांच्या दोन एकांकिका बसतात हा आणखी एक फायदा आहे. उत्सव समितीच्या जुन्या सदस्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण ‘नाटक’ म्हटले की त्यांच्या मनात तीन अंक असतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा घड्याळाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा.

चौकशीची सुरुवात जागेपासून करावी. देवळाच्या प्रांगणातला कायमचा रंगमंच, सभामंडपात तात्पुरती उभारलेली जागा, शाळेचे सभागृह आणि मडगाव, सांखळी किंवा कुडचडे येथील रवींद्र भवनासारखे सुसज्ज नाट्यगृह या चार वेगळ्या सृष्टी आहेत आणि एकीसाठी योग्य असलेली संहिता दुसरीत हमखास तग धरेल असे नाही. जत्रेच्या रात्री प्रांगणात संपूर्ण काळोख कधीच होत नाही. दीपमाळ उजळलेली असते, देवळावर रोषणाई असते, फेरीतल्या खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांतले दिवे थेट रंगमंचापर्यंत पोहोचतात. अशा ठिकाणी दर तीन मिनिटांनी काळोख करून स्थळ बदलणारी एकांकिका सुचवली, तर प्रेक्षकांना काळोखात खुर्च्या उचलणारे नट स्पष्ट दिसतात आणि प्रसंगाची सगळी जादू तिथेच संपते. हीच संहिता फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा पणजीच्या कला अकादमीत सुरेख वठू शकते. कुजबुजीवर आणि नुसत्या नजरानजरेवर उभ्या असलेल्या प्रसंगांचेही तसेच आहे. वर टांगलेले मायक्रोफोन नटाच्या आवाजाबरोबर मुलांचा कलकलाटही तेवढ्याच निष्ठेने टिपतात, त्यामुळे बाहेरच्या प्रयोगासाठी मोकळ्या, खणखणीत संवादांची संहिता शोधावी.

जागेबरोबर प्रेक्षकही विचारात घ्यावा. जत्रेतला प्रेक्षक आजीपासून नातवापर्यंत सर्व वयांचा असतो आणि पहिली दहा मिनिटे तो बसायला जागा शोधत असतो. कथानकाची किल्ली पहिल्याच संवादात दडवलेली असेल, तर निम्म्या लोकांच्या हाती ती कधीच लागत नाही. हा प्रेक्षक भोळा आहे असा समज मात्र करून घेऊ नये. दशावतारी कालो, रणमाले, संगीत नाटके आणि स्पर्धेतील प्रायोगिक नाटके असे सगळे त्याने पाहिलेले असते, नट संवाद विसरला की ते पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाच सर्वांत आधी कळते, आणि ‘लोकांना समजणार नाही’ या सबबीखाली त्याला फक्त फार्स सुचवणे हा त्याचा अपमान आहे.

यानंतर माणसांकडे वळावे. ‘तुमच्याकडे नट किती?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर नेहमी थोडे फुगवलेले असते. आठ नावे सांगितली जातात. त्यातील एकाला पाळीची नोकरी असते, एकाच्या घरी लग्न असते आणि एकाला खरे तर प्रकाशयोजना करायची असते. म्हणून रोज संध्याकाळी तालमीला येऊ शकतील अशी माणसे किती, हे वेगळे विचारावे आणि त्या आकड्यापेक्षा एक पात्र कमी असलेली संहिता सुचवावी. वरचा माणूस रिकामा राहत नाही; प्रॉम्प्टिंग, पार्श्वसंगीत आणि ऐन वेळी कोणी आजारी पडले तर बदली, ही सगळी कामे त्याची वाट पाहतच असतात.

स्त्री-पात्रांचा प्रश्न गोव्यात आजही पूर्ण सुटलेला नाही. पूर्वी उत्सवी नाटकांत पुरुषच स्त्री-भूमिका करत, नंतर बाहेरून मानधनावर नटी आणण्याची पद्धत रुळली, आणि आता गावातल्या मुली व सुना रंगमंचावर येतात. परंतु तालीम रात्री साडेनऊला सुरू होत असेल, तर त्यांचे येणे अवघड होते. तालमीची वेळ काय आहे हे विचारल्याशिवाय चार स्त्रिया व एक पुरुष अशी संहिता पुढे करू नये. तालीम सहा ते आठ या वेळेत होऊ शकत असेल, तर मात्र अशाच संहितेचा आग्रह धरावा, कारण ‘बायको’, ‘आई’ आणि ‘शेजारीण’ एवढ्याच चाकोरीतल्या भूमिका वर्षानुवर्षे करून चांगल्या अभिनेत्री कंटाळलेल्या असतात.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, डिचोली तालुक्यातील एका गावच्या महिला मंडळाला शिगम्यानंतरच्या कार्यक्रमासाठी एकांकिका हवी आहे. मंडळात पाच जणी आहेत. वय पंचवीसपासून साठपर्यंत. रंगमंच म्हणजे शाळेचा ओटा, पंधरा फूट रुंद, विंगा नाहीत, आत-बाहेर जायला एकच दार. पाचपैकी तिघी भजनी मंडळात गातात, एकीला लांब संवाद पाठ होत नाहीत हे ती स्वतःच मोकळेपणाने सांगते, आणि सर्वांत थोरल्या बाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. एवढी माहिती हाती आली की निवड जवळजवळ आपोआप होते. एकच स्थळ असलेली, प्रवेश-निर्गम कमी असलेली, मधूनमधून ओवी किंवा अभंग सामावून घेणारी, छोट्या वाक्यांची एक भूमिका असलेली आणि एका पात्राला खुर्चीवर बसून राहण्याचे सयुक्तिक कारण देणारी संहिता आपल्याला शोधायची असते. दवाखान्याबाहेरचा बाक, बँकेतली रांग, लग्नघरातला स्वयंपाक किंवा बसथांबा अशा स्थळांवर घडणाऱ्या एकांकिका मराठीत विपुल आहेत. हवेली असलेली ऐतिहासिक संहिता कितीही सुंदर असली, तरी ती या पाच जणींसाठी नाही.

भाषेचा विचार गोव्यात वेगळ्याने करावा लागतो. येथील बहुतेक नट घरात कोंकणी बोलतात आणि रंगमंचावर मराठी. प्रमाण मराठीतले संवाद ते आत्मविश्वासाने बोलतात, कारण शाळेपासून, कीर्तनातून व नाटकांतून ती भाषा त्यांच्या कानावर पडलेली असते. पेडणे आणि सत्तरीच्या बाजूच्या नटांना मालवणीही सहज जमते. अडचण येते ती वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाड्याच्या बोलीत लिहिलेल्या संहितांची. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी एकांकिकेतले जोमदार लेखन मुंबई-पुण्याबाहेरून, म्हणजे नाशिक, कोल्हापूर, जालना, नागपूर या भागांतून येऊ लागले आहे आणि त्याचे बळ बोलीतच आहे. अशी संहिता सुचवायची असेल, तर ती बोली कानांवर असलेला एखादा माणूस पहिल्या आठवड्यात तालमीला मिळेल का, हे पाहावे. निदान लेखकाने स्वतः वाचलेल्या संवादांचे ध्वनिमुद्रण मागवावे. चित्रपटांतून उचललेली नकली ग्रामीण मराठी प्रेक्षकांना दोन मिनिटे हसवते आणि पुढच्या पस्तीस मिनिटांत संहितेचा जीव घेते. बोलीतली एकांकिका परस्पर प्रमाण भाषेत उतरवून करणे हा आणखी वाईट मार्ग आहे. त्यापेक्षा लेखकाच्या परवानगीने ती कोंकणीत नेणे मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण एका बोलीचा ताल दुसऱ्या जिवंत बोलीत पुष्कळसा टिकतो.

समकालीन लेखक म्हणजे नेमके कोण, यावर फार काथ्याकूट करू नये. हौशी मंडळाच्या दृष्टीने ज्याच्या लेखनातले भांडण आजही आपल्या अंगणात चालू आहे आणि ज्याला शक्यतो फोन करून शंका विचारता येते, तो समकालीन. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व फारसे कोणी ओळखत नाही. ‘हे पात्र दुसऱ्या प्रवेशात गप्प का आहे?’ असे लेखकाला थेट विचारता येणे ही दिग्दर्शकासाठी मोठी सोय आहे, आणि आपल्या एकांकिकेचा प्रयोग केप्यात किंवा काणकोणात होणार आहे हे ऐकून आनंदाने उत्तर न देणारा लेखक विरळाच.

संहिता मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. स्पर्धा हा त्यातला सर्वांत मोठा झरा. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९६३ पासून चालते, चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’मध्ये निरनिराळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री एकापाठोपाठ सादर होतात, ‘लोकसत्ता’ची लोकांकिका स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. या स्पर्धांचे निकाल पाहून लेखकांची नावे टिपून ठेवावीत आणि संहितेसाठी त्या लेखकांशीच संपर्क साधावा, कारण यातल्या बहुसंख्य संहिता पुस्तकरूपाने कधी येतच नाहीत आणि झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या प्रतींत पाने गळालेली, कोणीतरी शेवट बदललेला आणि लेखकाचे नाव उडालेले असते. प्रकाशित संग्रहांसाठी पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा नाट्यविभाग चाळावा. जवळच्या शाळेच्या ग्रंथालयातही जुने संग्रह धूळ खात पडलेले असतात.

स्पर्धेतील एकांकिकांबद्दल एक सावधगिरी बाळगावी. पारितोषिक मिळते ते त्या विशिष्ट प्रयोगाला. वीस वर्षांची पंधरा मुले, दोन महिने झोकून देऊन केलेल्या तालमी, प्रकाशाचे नेमके खेळ आणि समूहाच्या लयबद्ध हालचाली यांच्या जोरावर पहिली आलेली एकांकिका कागदावर वाचली, तर कधीकधी तिच्यात संवाद फारसे उरतच नाहीत. शेवटच्या मिनिटाला बसणारा धक्का हे स्पर्धेच्या संहितांचे आणखी एक व्यसन आहे. असा धक्का काढून टाकला तर मागे काय राहते, हा प्रश्न वाचताना स्वतःला विचारावा. काही राहत असेल, तर संहिता सुचवण्याजोगी आहे.

शेजारच्या लेखकाला विसरू नये. पुंडलिक नारायण नायक यांच्या ‘चौरंग’ या कोंकणी एकांकिका-संग्रहाला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता; विष्णू सूर्या वाघ यांनी मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत रंगभूमीसाठी लिहिले. या मातीतले लेखन मराठी मंडळांनी केवळ भाषेच्या कुंपणामुळे बाजूला ठेवावे, असे काहीही कारण नाही. आज प्रत्येक तालुक्यात स्वतः लिहून बसवणारे दोन-तीन तरुण तरी सापडतात. त्यांच्या संहिता कच्च्या असतात हे खरे, परंतु त्यांतले घर, भाट म्हणजे माडांची बाग, खाणीवरचा ट्रक, कॅसिनोतली नोकरी आणि विकायला काढलेली जमीन प्रेक्षकाच्या ओळखीची असते. तीन सुचवण्यांमध्ये एक स्थानिक संहिता असावी, असा मी आग्रह धरतो.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे येऊ. सुचवण्यापूर्वी संहिता मोठ्याने आणि घड्याळ लावून वाचावी. मनातल्या मनात वाचलेली एकांकिका वाचलेली नाही असेच समजावे. जीभ जिथे अडखळते तिथे नटाचीही अडखळणार. वाचनाला लागलेल्या वेळेत साधारण एक चतुर्थांश वेळ हालचालींसाठी, हशा-टाळ्यांसाठी आणि विरामांसाठी मिळवावा. तीस मिनिटांचे वाचन म्हणजे सदतीस-अडतीस मिनिटांचा प्रयोग. हातात पेन्सिल असावी आणि समासात तीनच खुणा कराव्यात. जिथे कोणी नवे येते किंवा जाते तिथे बाण, जिथे एखादी वस्तू किंवा सोय लागते तिथे चौकोन, आणि जिथे आपल्याला पुढचा संवाद काय असेल ते आधीच कळले तिथे फुली.

वाचून झाल्यावर संहितेकडे न पाहता फक्त या खुणा पाहाव्यात. बाणांची गर्दी असेल, तर विंगा नसलेल्या रंगमंचावर ती एकांकिका गोंधळ घालेल. चौकोनांत ‘पाऊस’, ‘झोपाळा’, ‘पाण्याने भरलेली बादली’, ‘मागे पडद्यावर चित्रफीत’ असे काही आढळले, तर प्रत्येकाचा खर्च आणि त्याला पर्याय लिहून काढावा. झोपाळ्याशिवाय एकांकिका होत असेल तर ठीक. झोपाळाच तिचा कणा असेल, तर तो टांगायला तुळई आहे का, हे आधी विचारावे. फुल्या पहिल्या तीन पानांतच दिसू लागल्या, तर सरळ दुसरी संहिता उघडावी. पहिल्या पानावर एक पात्र फोनवर बोलत आपली सगळी पूर्वपीठिका प्रेक्षकांना ऐकवत असेल, तर तोही एक इशाराच आहे: लेखकाला पात्रे समोरासमोर आणण्याचा कंटाळा आहे, आणि तो कंटाळा पुढेही दिसणार.

महाविद्यालयीन गटासाठी निवड करताना कल थोडा वेगळा ठेवावा. तिथे माणसांचा तुटवडा नसतो, ऊर्जा असते, आणि रंगमंचावर बारा जण असले तरी चालतात. महेश एलकुंचवार यांची ‘होळी’ ही एकांकिका आता अर्ध्या शतकाहून जुनी झाली, तरी वसतिगृहातील मुलांचा कळप आपल्यातल्याच एकाला कसा कोंडीत पकडतो, हे तिच्यातले चित्र आज रॅगिंगविषयी बोलणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला परके वाटणार नाही. ती सुचवताना मात्र प्राचार्यांना तिच्यातली भाषा आणि हिंसा यांची कल्पना आधी द्यावी. मुलांनी महिनाभर तालीम करायची आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम पाहून कोणीतरी अर्धी पाने कापायची, हा प्रकार टाळण्याचा तो एकमेव उपाय आहे.

विषयाची स्पष्ट कल्पना देण्याचा हा नियम देवस्थानांच्या बाबतीत आणखी काटेकोरपणे पाळावा. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही दोन पात्रांची एकांकिका घ्या. नट दोनच, नेपथ्याचा डामडौल नाही, प्रयोग कुठेही होऊ शकतो. म्हणजे व्यवहाराच्या सगळ्या कसोट्यांवर ती उत्सवासाठी सोयीची ठरते. पण पाण्याच्या एका घोटासाठी नाकारल्या गेलेल्या माणसांचे ते नाटक आहे आणि ज्या आवारात ते करायचे, तिथेच मानपानाचे जुने हिशेब असू शकतात. म्हणून ती सुचवू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. किंबहुना अशा ठिकाणी ती अधिक नेमकी लागू पडते. मात्र ‘दोन नटांची सुटसुटीत एकांकिका’ एवढेच सांगून ती समितीच्या गळ्यात मारू नये. विषय काय आहे, कोणाला बोचण्याची शक्यता आहे आणि तरीही ती का करावी, हे तिन्ही स्वच्छ सांगावे, मग निर्णय त्यांनी घ्यावा. आडून सुचवलेले नाटक तालमीतच मोडते आणि त्याचा भार दिग्दर्शक असलेल्या एखाद्या पोरसवदा मुलावर पडतो.

प्रत्यक्ष शिफारस लेखी करावी आणि एकाऐवजी तीन नावे द्यावीत: एक मंडळाला सहज जमेल अशी, एक थोडी ताण देणारी आणि एक स्थानिक. प्रत्येक नावापुढे चार-पाच ओळींची टीप असावी. त्या टिपेचा नमुना असा:

‘तीन स्त्रिया, एक पुरुष. पुरुष-पात्र शेवटच्या दहा मिनिटांतच येते, त्यामुळे त्याच्या तालमी कमी पुरतील. स्थळ एकच, घराचा सोपा; दोन खुर्च्या व एक पेटी लागेल. वाचनाचा वेळ ३२ मिनिटे. थोरल्या बहिणीची भूमिका बसून करता येते, पण तिचे दोन संवाद पाऊण पानाचे आहेत. विषय आईच्या आजारपणाचा व घराच्या वाटणीचा. शेवट सुखाचा नाही. अकराव्या पानावरचा वीज जाण्याचा प्रसंग उघड्या रंगमंचावर जमणार नाही, त्याबद्दल लेखकाशी बोलावे लागेल.’

या टिपेत ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारी’ अशी विशेषणे नाहीत. ती जाहिरातीत शोभतात. दिग्दर्शकाला त्यांचा काडीचाही उपयोग नसतो. आपल्याला संहितेतले काय खटकले, हेही टिपेत यावे, कारण निर्दोष म्हणून सुचवलेल्या संहितेत पहिल्याच वाचनात दोष सापडला की सुचवणाऱ्यावरचा विश्वास उडतो.

परवानगीविषयी गोव्यात बराच घोळ आहे आणि तो दूर करणे हेही सुचवणाऱ्याचेच काम आहे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे नाटकावर त्याचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क असतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही अपवाद आहेत: हौशी संस्थेने विनाशुल्क प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला प्रयोग हा हक्कभंग ठरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक उत्सवी प्रयोगांना हा अपवाद लागू होऊ शकतो, आणि ‘देवाच्या कामाला परवानगी कसली’ या लोकसमजुतीला कायद्याचा एवढा आधार खरोखरच आहे. मात्र तिकीट लावले, प्रायोजकांसाठी प्रयोग केला किंवा ध्वनिचित्रमुद्रण करून ते यूट्यूबवर टाकले की हे संरक्षण गृहीत धरता येत नाही. संहितेत मोडतोड करण्याची मुभा तर हा अपवाद मुळीच देत नाही. आपल्या कृतीचा विपर्यास होऊ न देण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ ने स्वतंत्रपणे राखलेला आहे. स्पर्धेत उतरायचे असेल, तर लेखकाचे लेखी संमतिपत्र मागितले जाते, आणि महाराष्ट्रात प्रयोग करायचा असेल, तर तेथील रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते. सिंधुदुर्गातल्या स्पर्धेला जाणाऱ्या आपल्या मंडळांना हे बहुधा शेवटच्या आठवड्यात कळते.

काही एकांकिका पुढे मोठ्या होतात. ‘ऑल द बेस्ट’ आणि ‘देवबाभळी’ या दोन्ही मुळात स्पर्धांसाठी केलेल्या एकांकिका होत्या आणि नंतर त्यांची व्यावसायिक नाटके झाली. अशा वेळी मूळ एकांकिकेचे प्रयोग करायला लेखक मोकळा आहे की निर्मात्याशी झालेल्या करारात ती बांधली गेली आहे, हे विचारल्याशिवाय ती कोणालाही सुचवू नये. दोन स्त्री-पात्रांची संहिता हवी म्हटले की ‘देवबाभळी’चे नाव हमखास निघते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

कायद्याने गरज नसली, तरी लेखकाला कळवावे आणि मानधन विचारावे. मंडळाच्या अंदाजपत्रकात मंडप, ध्वनिक्षेपक, रंगभूषा आणि प्रयोगानंतरचे जेवण यांच्या रकमा असतात. लेखकाच्या नावाची ओळ नसते. शिफारशीच्या पत्रातच ‘लेखकाचे मानधन: विचारून ठरवणे’ अशी ओळ घातली, तर समितीला ती गाळणे जड जाते. रक्कम थोडी असली तरी बहुतेक लेखक समजून घेतात. विचारलेच नाही याचा मात्र त्यांना राग येतो, आणि तो रास्त आहे.

शिफारस दिली की आपले काम संपले असे न मानता मंडळाच्या पहिल्या सामूहिक वाचनाला जाऊन बसावे. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, सतरंजीवर गोल करून बसलेले नट जेव्हा प्रथमच ती संहिता वाचतात, तेव्हा निवड बरोबर होती की नाही हे पंधरा मिनिटांत समजते. आपला संवाद संपल्यावर पान उलटून पुढचा स्वतःचा संवाद शोधणारा नट सर्वच गटांत असतो, त्यावरून काही ठरवू नये. परंतु सगळेच तसे करू लागले आणि दुसऱ्याचे संवाद कोणीही ऐकत नसेल, तर त्या गटाला ती गोष्ट भिडलेली नाही. त्याच वेळी दुसरे नाव पुढे करावे. आठवडाभर तालमी झाल्यावर संहिता बदलणे सर्वांनाच जिवावर येते. याउलट वाचन संपल्यावर भूमिकांची वाटणी बाजूला राहून पात्रांच्या वागण्यावरच वाद सुरू झाला, तर सुचवणाऱ्याने चहा पिऊन निघावे आणि दिग्दर्शकाच्या कामात पुन्हा डोकावू नये.

सुचवलेल्या संहितांची एक वही ठेवणे सोयीचे ठरते. कोणत्या गटाला काय सुचवले, त्यांनी काय निवडले, प्रयोग कोणत्या रंगमंचावर झाला, प्रत्यक्ष किती मिनिटे चालला आणि प्रेक्षक कुठे उठून गेले, एवढे तिच्यात टिपावे. शेजारच्या गावाला त्याच हंगामात तीच एकांकिका सुचवली जाऊ नये, यासाठी ही वही आधी उपयोगी पडते. एकाच आठवड्यात दोन जत्रांत तेच नाटक झाले, तर दुसऱ्या गावाचा रुसवा पुढच्या वर्षीपर्यंत टिकतो. प्रयोगाचे एक छायाचित्र आणि ही मिनिटांची नोंद लेखकालाही पाठवावी. त्याच्या पुढच्या संहितेची प्रत मग मागावी लागत नाही.